मुलांची भीती आणि मुलांची झोप

अंगुत्तर निकायात हत्थक आळवक नावाच्या राजपुत्राची गोष्ट आहे. आळवी नगराजवळच्या शिंशपावनात, गुराढोरांच्या वाटेवर, झाडाच्या पानांचे अंथरूण करून भगवान बुद्ध बसलेले हत्थकाला दिसले. थंडीचे दिवस होते. गुरांच्या खुरांनी जमीन खडबडीत झालेली, अंगावरची चीवरे पातळ, वारा बोचरा. हत्थकाने वंदन करून विचारले की, रात्री आपल्याला झोप नीट लागली का? भगवंतांनी सांगितले की होय, सुखाने लागली, आणि जगात जे सुखाने झोपतात त्यांपैकी मी एक आहे. मग त्यांनीच हत्थकाला उलट विचारले. एखाद्या गृहस्थाचे घर आतबाहेर लिंपलेले आहे, दारे-खिडक्या घट्ट आहेत, मऊ बिछाना आहे, दिवा आहे, सेवेला माणसे आहेत. पण त्याचे मन आतून जळत असेल तर त्याला झोप लागेल काय? हत्थक म्हणाला, नाही.

ही गोष्ट आपण विहारात ऐकतो ती राग, लोभ, मोह यांच्या संदर्भात, आणि तो संदर्भ योग्यच आहे. पण घरातल्या लहान मुलाला आपण हा प्रश्न कधी विचारतो काय? सकाळी उठल्यावर दात घासलेस का, गृहपाठ झाला का, डबा घेतलास का, हे सगळे विचारतो. झोप लागली होती का, हे विचारीत नाही. मूल म्हणजे अंथरुणाला पाठ टेकताच झोपणारे, अशी आपली समजूत असते. निदान माझी तरी होती.

मी डॉक्टर नाही, मानसशास्त्राचा प्राध्यापकही नाही. बँकेत कारकुनी करणारा कला शाखेचा पदवीधर आहे. या विषयाकडे मी वळलो तो माझ्या मुलीमुळे. ती तिसरीत असताना रात्री तिचे एकच चाले. "बाबा, दाराला कडी लावली का?" लावली म्हटले की पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. मग गॅस बंद केला का, मग आई कामावर पोहोचली का, मग आईचा फोन का लागत नाही. सौ. परिचारिका असल्याने महिन्यातून आठ-दहा रात्रपाळ्या असतातच. त्या रात्री तर पोटात दुखायचे, तहान लागायची, दोनदा लघवीला जायचे असायचे. मी याला नाटक समजत होतो. सकाळी मला आठ-वीसची लोकल पकडायची असते. एके रात्री साडेबारा वाजता तिने पुन्हा कडीचे विचारले आणि मी तिला मारले. त्यानंतर ती एक शब्द बोलली नाही, आणि मला वाटले, बरी झाली. तीन आठवड्यांनी शाळेतून बाईंनी वहीत लिहून पाठवले की मुलगी वर्गात झोपते. म्हणजे इतके दिवस ती डोळे उघडे ठेवून गप्प पडून राहिली होती! मार खाऊन ती एवढेच शिकली होती की हे बाबांना सांगायचे नाही.

पुढे आम्ही तिला एका सरकारी रुग्णालयाच्या बालमार्गदर्शन विभागात नेले. तेथील डॉक्टर बाईंनी जे समजावले आणि नंतर वाचनालयातून पुस्तके आणून मी जे टिपून ठेवले, ते समितीच्या सभासदांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहे.

भीती आणि चिंताविकार

भीती हा रोग नाही. आठ-नऊ महिन्यांचे मूल अनोळखी माणूस पाहून रडते, तीन वर्षांचे अंधाराला घाबरते, सहा-सात वर्षांच्या मुलाला चोर, भूत, आग यांची भीती वाटते, दहा-बारा वर्षांच्या मुलाला परीक्षेची आणि चारचौघांत फजिती होण्याची. या भीती वयाबरोबर येतात आणि बहुतेक वयाबरोबर जातात. विकार म्हणायचा तेव्हा, जेव्हा भीती वयाला शोभण्यापलीकडे मोठी होते, आठवडेच्या आठवडे टिकते, आणि मुलाचे शाळेत जाणे, खेळणे, जेवणे, झोपणे यांत अडथळा आणते.

चिंताविकाराचे प्रकार आहेत. झोपेशी सर्वांत घट्ट बांधलेला म्हणजे विरहचिंतेचा. आई-वडिलांपासून दूर झालो तर त्यांना काहीतरी होईल, ते मरतील, ते परत येणार नाहीत, अशी भीती. अशी मुले आईला सोडून झोपत नाहीत, मामाच्या घरी मुक्कामाला राहत नाहीत, आणि त्यांना ताटातुटीची वाईट स्वप्ने पडतात. ही लक्षणे विकाराच्या वैद्यकीय व्याख्येतच दिलेली आहेत. मुलांमध्ये हे निदान चार आठवडे लक्षणे टिकल्यावर करतात. दुसरा प्रकार सर्वसाधारण चिंतेचा. यात एक विषय नसतो. उद्याचा पेपर, घराचे भाडे, आजीचा खोकला, बातम्यांतले युद्ध, सगळ्याचीच काळजी. याला सहा महिन्यांची मुदत आहे, आणि झोप न लागणे हे त्याच्या लक्षणांपैकी एक आहे. तिसरा समाजभयाचा, यात रविवारची रात्र सर्वांत वाईट जाते, कारण सोमवारी शाळा असते.

अमेरिकेत अशा १२८ मुलांची पाहणी झाली, ती २००७ साली प्रसिद्ध झाली. सहा ते सतरा वयाची ही मुले चिंताविकारावर उपचारासाठी आलेली होती. त्यांच्यापैकी ८८ टक्के मुलांना झोपेची किमान एक तक्रार होती, आणि निम्म्याहून अधिक मुलांना तीन किंवा जास्त. म्हणजे चिंता आणि झोप या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेतच म्हणा ना. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा ती मोठी होईपर्यंत करण्यात आला. पाच ते नऊ या वयात ज्यांची झोपेची तक्रार कायम राहिली होती, त्यांपैकी ४६ टक्क्यांना एकविसाव्या ते सव्विसाव्या वर्षी चिंताविकार आढळला. ज्यांची तशी तक्रार नव्हती त्यांच्यात हे प्रमाण ३३ टक्के. फरक आभाळाएवढा नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. आणि याचा दुसरा अर्थही वाचकांनी ध्यानात घ्यावा. निम्म्याहून जास्त मुलांना मोठेपणी चिंताविकार झालेला नव्हता. तेव्हा आपल्या मुलाला झोप लागत नाही म्हणून त्याचे आयुष्य बिघडले, असे कुणी समजू नये.

झोप का येत नाही?

आमच्या शाखेत धोक्याची घंटा आहे. एकदा रात्री ती वाजली. पोलीस आले, शाखाधिकाऱ्यांना झोपेतून उठवून आणले, तिजोरी तपासली. उंदराने वायर कुरतडली होती! घंटेला चोर आणि उंदीर यांतला फरक कळत नाही. तिचे काम वाजणे.

मेंदूतही अशी घंटा आहे. धोका जाणवला की ती वाजते, अंगात अॅड्रिनॅलिन सुटते, छाती धडधडते, हातपाय ताठतात, पोटात गोळा येतो. मूल पोट दुखते म्हणते तेव्हा पोट खरोखरच दुखत असते. पळायला किंवा लढायला शरीर तयार झालेले असते आणि आपण त्याला सांगतो, डोळे मिटून झोप. झोप म्हणजे पहारा सोडणे. ज्याला वाटते की धोका आहे, तो पहारा कसा सोडणार? दिवसा शाळा, खेळ, मित्र यांच्या गडबडीत ही घंटा ऐकू येत नाही. दिवा मालवला, घर शांत झाले, की तिचाच आवाज तेवढा उरतो.

हे चक्र उलटेही फिरते. २००७ सालच्याच एका प्रयोगात, सुमारे पस्तीस तास जागवलेल्या तरुणांच्या मेंदूतील हे भीतीचे केंद्र वाईट चित्रे पाहताना झोप झालेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त उसळताना दिसले. प्रयोग प्रौढांवरचा आहे, मुलांवर असे प्रयोग करता येत नाहीत, करूही नयेत. पण चिडचिडे झालेले, क्षुल्लक गोष्टीला रडणारे जागरणी मूल ज्यांनी पाहिले आहे त्यांना यंत्राची साक्ष लागणार नाही. भीतीने झोप उडते आणि अपुऱ्या झोपेने भीती वाढते.

येथे स्वप्नांबद्दल थोडे. शिकागो विद्यापीठातील युजीन अॅसेरिन्स्की हा विद्यार्थी आपल्याच आठ वर्षांच्या मुलाला तारा जोडून त्याच्या झोपेची नोंद घेत होता. त्याला दिसले की झोपेत मधूनमधून डोळे मिटलेल्या पापण्यांखाली भराभर हलतात. त्याने आणि त्याचे मार्गदर्शक नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ साली हे जाहीर केले. या झोपेत ठळक स्वप्ने पडतात आणि ती रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. पूर्वार्धात गाढ झोप जास्त असते. हा फरक पालकांना उपयोगी आहे. पहाटेच्या सुमारास मूल जागे होऊन रडते, बिलगते, स्वप्न सांगते, ते दुःस्वप्न. त्याला जवळ घ्यावे. पण झोपल्यावर एक-दोन तासांत मूल किंकाळी फोडून उठून बसते, डोळे उघडे, घाम फुटलेला, आई समोर असून ओळखत नाही, दहा मिनिटांनी पुन्हा झोपते आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही, ते दुःस्वप्न नव्हे. ती गाढ झोपेतून अर्धवट जाग आहे. भयंकर दिसते, पण मूल त्या वेळी झोपेतच असते. त्याला गदागदा हलवू नये, पाणी मारू नये. पडणार नाही, लागणार नाही एवढे पाहावे. बहुतेक मुलांत हे वयाबरोबर थांबते.

आपली घरे

विलायती पुस्तकांत मूल वेगळ्या खोलीत एकटे झोपत नाही, ही तक्रार म्हणून लिहिलेली असते. वाचून मला हसू आले. आमच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे झोपत असू, आणि थोरला काका गॅलरीत. आपल्याकडे मूल आजीच्या कुशीत झोपते, यात रोग नाही. मग आपल्याकडे कसोटी काय लावायची? मला वाटते ती अशी: आजी गावाला गेली, आई रात्रपाळीला गेली, तर दुसऱ्या माणसाजवळ मूल झोपू शकते की नाही? जवळ कुणी आहे म्हणून झोपते, की जवळचा माणूस जागा आहे याची खात्री करीत स्वतःही जागे राहते? माझी मुलगी माझ्या शेजारीच झोपत होती, तरी झोपत नव्हती.

दुसरी गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपण १४ ऑक्टोबर १९५६ चा वारसा सांगणारी माणसे. बावीस प्रतिज्ञा आपल्या भिंतींवर फ्रेम करून लावलेल्या आहेत. पण मूल रात्री किंचाळले की त्या फ्रेमखालीच मीठ-मिरच्या ओवाळल्या जातात. माझ्या आईने ओवाळल्या, मी पाहिले आणि गप्प बसलो. दृष्ट काढल्याने मुलाला इजा होत नाही, असे कुणी म्हणेल. पण मुलाने त्यातून काय ऐकले? आपल्याला काहीतरी लागले आहे, ते बाहेरून आले आहे, आणि मोठी माणसेही त्याला घाबरतात! घाबरलेल्या मुलाला याहून वाईट बातमी कोणती? पुढची पायरी गंडा-दोरा, त्यापुढची देवऋषी. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हा २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे, हे आपल्या वस्तीत सर्वांना माहीत असले पाहिजे. आईला मी बोललो ते नंतर, डॉक्टर बाईंचे ऐकून आल्यावर. ती म्हणाली, "मग तू मारलंस ते काय शास्त्राप्रमाणे होतं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

मुलांना झोपवण्यासाठी औषध देण्याचा मोहही जुना आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देत, कारण मूल रडत राहिले तर साच्यावर उभे राहता येत नसे. त्या माउल्यांना दोष देणारे आपण कोण? पण आज सर्दी-खोकल्याचे गुंगी आणणारे औषध 'झोपेल तरी' म्हणून चमचाभर पाजणे ही त्याच गोळीची धाकटी बहीण आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते करू नये.

आता विद्यार्थ्यांसाठी. बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत, हे आपण प्रत्येक सभेत सांगतो. जयंतीला सलग अठरा तास वाचनाचे उपक्रम होतात, ते चांगलेच आहेत. पण वर्षातला एक दिवस आणि रोजचा दिवस यांत फरक आहे. दहावीतील मुलाला "बाबासाहेब झोपत होते का?" असे टोमणे मारून जागवणाऱ्या पालकांनी त्याच चरित्राचे पुढचे पानही वाचावे. राज्यघटनेच्या मसुद्याच्या काळात त्यांची झोप उडाली होती, पायांत असह्य वेदना होत्या, मधुमेहासाठी इन्शुलिन घ्यावे लागत होते, आणि उपचारासाठी त्यांना मुंबईला यावे लागले. तेथेच डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांची भेट झाली, पुढे १५ एप्रिल १९४८ रोजी विवाह. ज्या माणसाने आपल्यासाठी शरीर झिजवले त्याचे नाव घेऊन आपण मुलांची शरीरे झिजवायची काय? अमेरिकेतील निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली दिलेले प्रमाण असे: तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह १० ते १३ तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास. वाचलेले डोक्यात पक्के बसते ते झोपेतच, त्यामुळे झोप कापून केलेला अभ्यास म्हणजे व्याजासाठी मुद्दल मोडणे होय.

एक मुद्दा पुस्तकांत मला फारसा दिसला नाही. आमच्या अभ्यासिकेत सातवीतला एक मुलगा येतो. हुशार आहे. नव्या शाळेत गेल्यापासून त्याची झोप गेली. आईला वाटले, अभ्यासाचा ताण. बऱ्याच दिवसांनी त्याने सांगितले की वर्गात दोन मुले त्याला आडनावावरून आणि शिष्यवृत्तीवरून रोज बोलतात, आणि डब्याला हात लावत नाहीत. ही भीती उंदराने वाजवलेली घंटा नव्हे, येथे चोर खरोखरच दारात आहे. अशा मुलाला दीर्घ श्वास घ्यायला शिकवून भागत नाही. आधी शाळेत जावे लागते. त्याचे वडील आणि समितीचे दोन पदाधिकारी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज घेऊन भेटले, मुलांच्या पालकांना बोलावण्यात आले, मुलाची जागा बदलली. झोप एका दिवसात परत आली नाही, पण आली. म्हणून मुलाची भीती 'मनाचे खेळ' ठरवण्यापूर्वी ती कशाची आहे ते नीट विचारावे. घरात दारू असेल, रात्री भांडणे होत असतील, तर मूल जागे का राहते याचे कारण शोधायला लांब जायला नको.

काय करावे?

मज्झिम निकायात भयभेरव नावाचे सुत्त आहे. जाणुस्सोणि ब्राह्मणाला भगवंत आपला संबोधीपूर्वीचा अनुभव सांगतात. रानात एकट्याने राहताना भीती वाटते, हे ते लपवीत नाहीत. भीती म्हणजे काय हे पाहण्यासाठी ते मुद्दाम रात्री भयाण वाटणाऱ्या जागी जाऊन राहिले. जनावर जवळून जाई, मोर फांदीवरून काटकी पाडी, वाऱ्याने पाने सळसळत, आणि वाटे की आली ती भीती! तेव्हा त्यांनी ठरवले की ज्या स्थितीत असताना भीती येईल त्याच स्थितीत राहून तिला शमवायचे. चालत असताना आली तर चालतच राहिले, बसले असताना आली तर बसूनच राहिले. पळाले नाहीत.

बुद्धांनी मानसोपचार सांगितले असा दावा करण्याचे कारण नाही. पण आजचा सर्वांत भरवशाचा उपचार याच वाटेने जातो. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती घालवली, ती अशी की, तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा रोज थोडा थोडा जवळ आणायचा. शेवटी तो सशाला हाताळू लागला. पुढे याच तत्त्वाला विचार तपासण्याची जोड मिळून वर्तनोपचाराची पद्धत उभी राहिली. मुख्य सूत्र असे की, भीतीपासून पळाले की ती वाढते, आणि सोसवेल एवढ्या मापाने तिच्यासमोर थांबले की ती आपोआप उतरते.

आम्हाला डॉक्टर बाईंनी पायऱ्या आखून दिल्या. पहिला आठवडा मी मुलीचा हात धरून झोपायचे. दुसरा आठवडा शेजारी, पण हात न धरता. मग मी अंथरुणाशेजारी खुर्चीवर वाचत बसायचे. मग खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात. मग मी स्वयंपाकघरात, ती दिसेल अशा ठिकाणी. घर एका खोलीचे आणि स्वयंपाकघराचे असले तरी पायऱ्या करता येतात, हे सांगण्यासाठी तपशील दिला. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरी चढायची नाही, आणि मूल रडले म्हणून दोन पायऱ्या मागे यायचे नाही. हे दुसरे फार अवघड आहे, विशेषतः आजी घरात असताना.

कडीच्या प्रश्नाबद्दल बाईंनी जे सांगितले त्याचे मला नवल वाटले. माझे मारणे चुकलेच होते, पण त्याआधी चौदा वेळा प्रेमाने "लावली हो" म्हणणेही चुकत होते! प्रत्येक उत्तराने पाच मिनिटे बरे वाटते आणि मुलाचे मन हे शिकते की प्रश्न विचारण्याजोगाच होता. यावर १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली एक युक्ती त्यांनी दिली. मुलाला रात्री एक पास द्यायचा. त्यावर एकदाच उठता येईल, पाणी, लघवी किंवा जवळ घेणे काहीही मागता येईल, मग पास जमा. जुन्या काळी बँकेत पैसे काढायला पितळी बिल्ला मिळत असे, तसेच हे. आम्ही त्यात प्रश्नही धरला. कडी आम्ही दोघे मिळून एकदा लावायचो, तिने हात लावून पाहायचे, आणि त्यानंतर विचारायचे असेल तर पास द्यायचा. पहिल्या चार रात्री काही उपयोग झाला नाही, पास गेल्यावर ती रडली. पाचव्या रात्री तिने पास उशीखाली ठेवला आणि वापरलाच नाही. उद्या लागला तर, म्हणून राखून ठेवला म्हणाली. असा साठवता येत नाही हे मी तिला सांगितले नाही.

काळजीसाठी वेगळी वेळ ठेवणे हेही उपयोगाचे. संध्याकाळी दिवेलागणीला पंधरा मिनिटे बसून मुलाने काळजी सांगायची किंवा वहीत लिहायची, आणि मोठ्यांनी मध्ये उपदेश न करता ऐकायचे. अंथरुणावर काळजी आली तर "उद्याच्या वहीत" असे म्हणायचे. माझ्या मुलीच्या वहीत पहिल्या दिवशी लिहिलेले होते, 'आई दवाखान्यातून आली नाही तर'. २०२० च्या कोरोनात सौ. सलग तीन आठवडे घरी आली नव्हती, तेव्हा ही चार वर्षांची होती. त्याचाच हा परिणाम का, असे मी विचारले. बाई म्हणाल्या, असेल, पण खात्रीने सांगता येणार नाही, आणि उपचार त्यावर अडून नाही.

बाकीचे नेहमीचेच. झोपण्याची आणि विशेषतः उठण्याची वेळ रविवारीही तीच ठेवणे, दुपारनंतर चहा न देणे, झोपण्यापूर्वी तासभर मोबाईल बाजूला ठेवणे आणि मोठ्यांनीही ठेवणे, रात्रीच्या बातम्यांतले खून-अपघात मुलासमोर न लावणे. आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहणे, मोठ्या मुलांना चांगले लागू पडते. श्वास सावकाश सोडला की हृदयाची धडधड मंदावते. मात्र ते दिवसा शिकवावे, भीतीच्या ऐन भरात नव्हे. काही मुले श्वासाकडे लक्ष दिल्याने आणखी घाबरी होतात, त्यांना जबरदस्ती करू नये.

एवढे करूनही महिनाभरात फरक पडला नाही, मूल शाळेत जाईना, किंवा मरणाची भाषा बोलू लागले, तर वाट पाहू नये. शेवटच्या बाबतीत एक दिवसही नाही. डॉक्टर आधी शरीराची कारणे पाहतील. रोज मोठ्याने घोरणाऱ्या मुलाला घशातील गाठींमुळे श्वास अडत असतो, जंतांमुळे रात्री गुदद्वाराशी खाज सुटते, रक्तात लोह कमी असले की पाय अस्वस्थ होतात. ही कारणे नसतील तर वर्तनोपचार, आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली गोळ्या. गोळीचे नाव काढताच आपण दचकतो. अमेरिकेत सात ते सतरा वयाच्या ४८८ चिंताग्रस्त मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ साली आले. वर्तनोपचार आणि औषध दोन्ही मिळालेल्या मुलांपैकी सुमारे ८१ टक्के, नुसता वर्तनोपचार मिळालेल्यांपैकी ६० टक्के, नुसते औषध मिळालेल्यांपैकी ५५ टक्के, आणि औषध नसलेली खोटी गोळी मिळालेल्यांपैकी २४ टक्के मुले चांगली सुधारली. माझ्या मुलीला गोळी लागली नाही. दुसऱ्याच्या मुलाला लागली तर त्यात कमीपणा नाही.

वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो, जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६, ती दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते. दवाखान्यात जाताना दोन आठवड्यांची नोंद असलेली वही न्यावी: मूल अंथरुणावर कधी गेले, अंदाजे झोपले कधी, रात्री कितीदा उठले, काय म्हणाले, सकाळी कसे होते, आणि त्या दिवशी घरात किंवा शाळेत काय घडले. आमची वही पाहून बाईंनी पहिल्याच भेटीत पानावर बोट ठेवून विचारले की, या सगळ्या वाईट रात्री आईच्या रात्रपाळीच्या आदल्या दिवशीच्या कशा? मुलीला पाळीचा तक्ता पाठ होता. तो आम्ही कपाटाच्या दारावर तिच्या डोळ्यांसमोरच चिकटवलेला होता.